हॉल तालमीलाही उघडा

मा. संपादक, स.न.

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी नवीन सांस्कृतिक हॉल होतोय, चांगलीच गोष्ट आहे, पण त्याचं भाडं आणि नियम ठरवायच्या आधी संबंधितांनी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डकडे जरा बघावं. माझी भाची तिथे शिकायला आहे म्हणून मी त्या गावाबद्दल वाचायला लागलो. कापड गिरण्यांचं गाव, एवढं मोठं पण अजून सिटीचा दर्जा नाही. तरी तिथलं कोरल सोसायटी नावाचं गाणाऱ्यांचं मंडळ १८३६ पासून चालू आहे, आणि हे गाणारे काही पोटासाठी गाणारे नव्हेत, हौशी लोक! १८८१ साली उघडलेल्या टाऊन हॉलमध्ये नाताळच्या तोंडावर त्यांचं गाणं असतं. एका जुन्या चॅपलचं १९९४ ला नाट्यगृह केलं आणि त्याच वर्षी उघडलेल्या स्टेडियमवर फुटबॉल आणि रग्बी लीग (रग्बीचाच एक प्रकार) दोन्ही खेळतात.

ती रग्बी लीग जन्मली पण तिथल्याच जॉर्ज हॉटेलात, १८९५ ला. गिरणीतले आणि खाणीतले कामगार मॅच खेळायला गेले की मजुरी बुडायची, ती भरून द्यायला रग्बीची वरची संघटना तयार नव्हती, म्हणून उत्तरेकडचे क्लब सरळ वेगळेच झाले. मला हे फार मोठं वाटतं. आमच्याकडे कंपनीत कंत्राटावर असलेला कबड्डीचा पोरगा आजही खाडा करूनच सामन्याला जातो, त्याचा विचार कोण करतं?

आणि कला आपल्याकडे कमी आहे का? नमन, शक्ती-तुरा या आमच्या कोकणातल्या लोककला, भजनं, वाडीवाडीत मंडळं आहेत. पण तालीम कुठे, तर कोणाच्यातरी पडवीत. बाहेर पाऊस, मृदंग ओल धरतो, आवाज बसतो, मग गाणं थांबवून तो चुलीजवळ शेकवायचा आणि परत पहिल्यापासून सुरू. जुना हॉल होता तो लग्नं आणि वाढदिवसांनाच, तालमीला मागितला तर पूर्ण दिवसाचं भाडं सांगायचे. एवढे पैसे मंडळाने आणायचे कुठून?

नवीन हॉलमध्ये आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी स्थानिक मंडळांना तालमीसाठी फुकट ठेवा, शेजारचं मैदान सेल आणि प्रदर्शनांना देताना खेळाचे दिवस आधी राखून ठेवा. गणपती जवळ आलेत, तालमी सुरू झाल्यात, तेव्हा नियमांच्या मीटिंगला नमन मंडळांची आणि कबड्डी संघांची माणसं आत्ताच बोलवा.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी