पेशींच्या गोळ्यांची एकदा परीक्षा घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात डेंगीचे रुग्ण वाढल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. डासअळ्या, धूरफवारणी, पाण्याची बॅरल कोरडी करणे हे सगळे त्यात आले, ते योग्यच. पण ताप आलेला माणूस दवाखान्यातून निघताना कोणती औषधे घेऊन जातो, याची चर्चा कुठेच होत नाही. राजारामपुरीत माझे मेडिकल दुकान आहे, त्यामुळे ते मला रोज दिसते.

पॅरासिटामॉल असतेच. जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन नाहीतर डॉक्सी ही अँटिबायोटिक्स, झिंक आणि व्हिटॅमिन सी, कधी आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दीड लाखाच्या खाली गेल्या की पपईच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या. "दादा, पेशी वाढायच्या गोळ्या द्या, चिठ्ठी घरात राहिलीया," म्हणत पावसाळाभर माणसे येतात. पॅरासिटामॉल सगळ्यात स्वस्त. बिल फुगते ते बाकीच्यांनी.

यातले लागू काय पडते? विचारले की उत्तर ठरलेले: "आमच्या पाहुण्यांना गुण आला." येईलच की! व्हायरल ताप बहुतेकांचा आपोआप उतरतो. डेंगीत पेशी ताप उतरण्याच्या सुमारास तळाला जातात आणि दोन-चार दिवसांत आपल्या आपण वर येतात. गोळी सुरू होते ती नेमकी त्या तळाला, मग श्रेय तिलाच. म्हणूनच चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कोणती हे डॉक्टरलाही कळू द्यायचे नाही. याशिवाय खरे-खोटे करता येत नाही.

कोविडमध्ये बाहेरच्या देशांनी अशा चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या घरी बसलेल्या रुग्णांवर करून दाखवल्या, मात्र सगळ्यांत बिनऔषधाची गोळी नव्हती. ब्रिटनच्या 'प्रिन्सिपल' नावाच्या चाचणीत साधे फॅमिली डॉक्टर सामील होते. तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सीचा उपयोग दिसला नाही. दम्याच्या पंपातल्या ब्युडेसोनाइडने मात्र रुग्णांना सुमारे तीन दिवस आधी बरे वाटले. ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर आयव्हरमेक्टिन तपासले, फायदा नाही. अमेरिकेत झिंक आणि व्हिटॅमिन सीची चाचणी २१४ रुग्णांनंतर थांबवली, कारण पुढे जाऊनही फरक दिसण्याची आशा नव्हती. तिथल्याच दुसऱ्या एका चाचणीत मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरुवातीलाच दिली, तेव्हा कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाचे प्रमाण १०.४ वरून ६.३ टक्क्यांवर आले. इतक्या स्वस्त गोळीकडून ही अपेक्षा कुणी केली असती? इकडे गोव्यात मे २०२१ मध्ये सरसकट सगळ्या प्रौढांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली आणि त्याच सप्टेंबरमध्ये केंद्राच्या उपचार सूचनांतून ते वगळले गेले.

डेंगीचे म्हणाल तर व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरात क्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन आणि लोव्हास्टॅटिन ही जुनी औषधे तापाच्या पहिल्या तीन दिवसांत देऊन पाहिली. एकही उपयोगी ठरले नाही. पपईच्या पानांच्या रसाची मलेशियात २२८ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये छापला, आणि पेशी वाढल्या. पण कोण रस घेते ते सगळ्यांना माहीत होते, आणि आकडा वाढला म्हणजे रक्तस्राव किंवा शॉक टळला असे होत नाही. डेंगीत जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने, तेही ताप उतरल्यावर, घरच्यांना वाटते आता सुटलो तेव्हा. पेशींची गोळी चालू आहे म्हणून पोटदुखी आणि उलट्या अंगावर काढणारे पाहिले की काळजी वाटते.

पेटंट संपलेल्या औषधावर कंपनी पैसा घालणार नाही, आणि जिचा माल तसाच खपतो तिला परीक्षा हवीच कशाला? तेव्हा हे काम सरकारी यंत्रणेचे. आपल्याला जमत नाही असेही नाही. २०२० मध्ये आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) ३९ रुग्णालयांत ४६४ कोविड रुग्णांवर बरे झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्माची चाचणी केली आणि उपयोग नाही हे स्पष्ट सांगितले. फक्त ते रुग्ण दाखल झालेले होते. विषाणूवरचे औषध चालायचे तर पहिल्या दोन-तीन दिवसांत. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पोहोचेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

म्हणून राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, महापालिकेच्या आरोग्य केंद्रांना आणि पेठापेठांतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन, आयसीएमआरकडे प्रस्ताव पाठवावा. सुरुवात पपईच्या अर्कापासून करावी. मोजायचे ते पेशी नव्हे, तर किती जणांना दाखल करावे लागले, सलाइन लागले, रक्तस्राव झाला. सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी आणि निकाल नकारार्थी आला तरी छापावा. माझा चालता माल कमी होईल, होऊ दे.

"आमच्यावर प्रयोग करणार काय?" असे लोक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. ते संमतीपत्रात सोप्या मराठीत पहिल्याच पानावर यावे आणि डॉक्टरांनी सही घेण्याआधी वाचून दाखवावे.

आपला,
एक औषध विक्रेता,
राजारामपुरी, कोल्हापूर