मोबदल्याच्या पावतीवर सही करण्याआधी

मा. संपादक,

महामार्ग असो की तापीवरचे पाडळसे धरण, खान्देशात भूसंपादनाची नोटीस आली की गावच्या बैठकीत हमखास ऐकू येते, ‘जमीन हा आमचा मूलभूत हक्क आहे.’ तो आता तसा राहिलेला नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद 300अ मध्ये नेला. त्यामुळे नुसती जमीन गेली म्हणून अनुच्छेद 32 खाली थेट दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतकऱ्याला अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठातच जावे लागते. अमेरिकेत रास्त मोबदल्याची हमी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीतच आहे. कॅनडाच्या 1982 च्या सनदेत मालमत्तेचा हक्कच नाही. आपला हक्क मात्र दुबळा समजू नये. कोलकाता महापालिकेच्या खटल्यात 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय आणि रास्त मोबदला हे सारे 300अ मध्येच धरले आहे.

शेतकरी हरतो तो बहुधा मुदतीत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घ्यायला 60 दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात फक्त 21. संयुक्त मोजणीला स्वतः बांधावर उभे राहावे. विहीर, पाइपलाइन, ठिबक, झाडे पंचनाम्यात आली नाहीत, तर ती होती हे पुढे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

सगळ्यात महागात पडते ती मोबदला घेतानाची सही. 2013 च्या कायद्याचे कलम 77 सांगते की, हरकत न नोंदवता रक्कम घेतली तर कलम 64 खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. म्हणून सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘रक्कम अपुरी असल्याची हरकत राखून स्वीकारली’ असे लिहावे आणि त्या कागदाची प्रत घ्यावी. मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाला सहाच आठवडे असतात. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी आधी संपेल ती मुदत. नोटिशीचे पाकीट टाकून देऊ नये, पोस्टाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा. महामार्गाच्या जमिनीचा रस्ता वेगळा आहे. तिथे मोबदल्याचा वाद केंद्राने नेमलेल्या लवादापुढे जातो.

तिन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की, प्रांत कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक नोटिशीवर अर्जाची शेवटची तारीख, अर्ज कोणाकडे करायचा ते आणि हरकत राखून रक्कम घेता येते हे ठळक मराठीत छापावे. त्याला एक परिपत्रक पुरेसे आहे.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)