अपघाताचा पहिला कागद कोण लिहितो? कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगारमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी २७ वर्षं टाइम ऑफिसला कारकून होतो. हजेरी, ओव्हरटाइम, गेटपास आणि अपघाताचं रजिस्टर ही माझी कामं. निवृत्त झाल्यापासून जयताळ्याला घरीच असतो. इसासनी, निलडोह, डिगडोहकडची पोरं कागद घेऊन येतात, त्यांचे अर्ज लिहून देतो. हे पत्र त्या रजिस्टरबद्दल आहे.

त्यात एक रकाना होता, 'अपघाताचे कारण'. कोणाचं बोट डायमध्ये गेलेलं असायचं, कोणाच्या पायावर कॉइल पडलेली, कोणाच्या डोळ्यात ग्राइंडिंगची ठिणगी उडालेली. मी त्या रकान्यात एकच वाक्य लिहायचो: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे'. तसं लिहा म्हणून दरवेळी कोणी सांगत नव्हतं. आधीच्या कारकुनानं तेच लिहिलेलं होतं, त्याचं पाहून मी लिहीत गेलो. त्या प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी, तीन आठवड्यांपासून काढून भिंतीला टेकवून ठेवलाय, हे मला माहीत असायचं. जखमी झालेला माणूस सलग दुसरी पाळी करत होता, हे तर हजेरीपटावर माझ्याच अक्षरात असायचं.

निवृत्तीनंतर मी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा मुळातून वाचला. कामगाराचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचं कारण म्हणून त्यात कुठेच नाही. मालकाला तीनच सबबी आहेत: माणूस नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट आदेश त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर या तिन्ही सबबीसुद्धा चालत नाहीत. म्हणजे २७ वर्षं मी लिहिलेल्या त्या शब्दाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. पण रजिस्टर उघडून तो शब्द वाचून दाखवला की समोरचा माणूस मान खाली घालायचा आणि देतील तेवढे पैसे घेऊन निघून जायचा. याची मला लाज वाटते. म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो.

आता एका मुलाचं सांगतो. गोंदियाकडचा. अपघात झाला तेव्हा वय २५, पगार १२ हजार. आठ माणसांची जॉबवर्कची शेड, दहाच्या आत असल्यामुळे ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू नव्हती. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. शेडमालकानं त्याला स्वतःच्या गाडीतून एका खासगी दवाखान्यात नेलं आणि सगळं बिल भरलं. केसपेपरवर मात्र लिहून घेतलं, 'मोटरसायकलवरून पडून'. चौथ्या दिवशी ४० हजार रुपये हातात ठेवले आणि 'यापुढे माझी काही मागणी नाही' अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर डाव्या हाताचा अंगठा घेतला. मुलगा दहावी शिकलेला आहे. त्याच्याकडे मोटरसायकल कधीच नव्हती.

माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "काका, त्यांनी दवाखान्याचे पैसे भरले ना, आता अजून कसे मांगू?" मी त्याला सांगितलं, ते उपकार नाहीत. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या जखमेच्या उपचारांचा खर्च मालकानंच द्यायचा आहे आणि तो भरपाईतून वळता करायचा नाही. मग कागद घेऊन हिशेब मांडला. एका हाताची दोन बोटं गेली, तर कमाईची क्षमता २० टक्के घटली असं कायद्याचं परिशिष्ट धरतं. १२ हजारांचे ६० टक्के म्हणजे ७,२००. कायद्यात वयानुसार गुणक दिलेला आहे, पंचविसाव्या वर्षाचा २१६.९१. या गुणाकाराचे २० टक्के म्हणजे सुमारे ३ लाख १२ हजार रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. कायद्यातला हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे तो स्टॅम्प पेपरही कुचकामी. मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. या पैशात गावाकडं काय काय झालं असतं, ते त्यानं मग एकेक करून सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

अर्जाची मुदत दोन वर्षं असते. तो आला तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती. उशीर माफ करण्याचा अधिकार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना आहे, अर्ज टाकला आहे, आणि तारखा पडताहेत. दर तारखेला समोरचा वकील तोच केसपेपर दाखवतो.

साहेब, कायदा कमी पडला असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच एका सुताराच्या खटल्यात सांगून ठेवलंय की भरपाई देणं लागतं ते अपघात झाल्या क्षणापासून, आयुक्तांच्या निकालापासून नव्हे. त्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं न्यायालयानं मानलं. ठेकेदाराच्या माणसाला लागलं तर मूळ मालक जबाबदार, हेही कायद्यात शंभर वर्षांपासून आहे. दावे तीन महिन्यांत निकाली काढावेत, असं कलम २००९ मध्ये आलं. हक्कांची माहिती कामगाराला लेखी द्यावी, हे २०१७ मध्ये. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या. बोटांच्या टक्केवारीचं आणि वयाच्या गुणकाचं कोष्टक सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही त्यात धरला आहे. चांगलं झालं. पण संहिता असो की जुना कायदा, सगळं एका प्रश्नावर येऊन अडतं: अपघात कामावर झाला, हे कशावरून? त्याचं उत्तर पहिल्या दोन दिवसांतल्या कागदावर असतं. आणि तो कागद ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्याच टेबलावर लिहिला जातो. मी स्वतः तो लिहीत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

ईएसआयसीतही हाच पेच आहे. कामावरच्या अपघातासाठी हप्ते किती भरले ही अट तिथे नाही. २१ हजारांच्या आत पगार असलेला माणूस पहिल्याच दिवशी जखमी झाला तरी त्याचा हक्क असतो, आणि अपंगत्व कायमचं असेल तर पेन्शनसारखी दरमहा रक्कम मिळते. पण अपघाताचा अहवाल मालकानं पाठवायचा असतो. नोंदणीच अपघातानंतर घाईघाईनं केलेली, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

तुम्ही मंडळी अधिवेशनासाठी दर डिसेंबरात आमच्या गावात असता. १७ डिसेंबर २०२३ ला अधिवेशन इथेच चालू होतं, तेव्हा बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ जण गेले. त्यात ६ बायका होत्या, जवळपासच्या गावांतल्या. पुढच्या जूनमध्ये धामणा, २०२५ च्या एप्रिलमध्ये उमरेड, तिथल्या कारखान्यांतही स्फोट झाले. अशा वेळी गेटसमोर गाड्या येतात, मदत जाहीर होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र सरकारची मदत वेगळी आणि कायद्यानं मालकाकडून येणारी भरपाई वेगळी, हे त्या घरांना कोणीतरी बसून समजावून सांगायला हवं. मदतीचा चेक आला म्हणजे सगळं मिळालं, असं समजून गप्प बसलेली माणसं मला भेटली आहेत. आणि ज्या दिवशी एकाच माणसाचं एकच बोट जातं, त्या दिवशी गेटवर कोणीच येत नाही.

माझी मागणी एकच आहे, आणि बहुतेक नव्या कायद्याशिवाय होण्यासारखी आहे. अपघातातला जखमी आला की दवाखाना एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद करून पोलिसांना कळवतो, ही पद्धत आजही आहे. त्या फॉर्मवर दोन ओळी वाढवा: 'काम करताना लागलं का?' आणि 'कुठे, कोणाकडे काम करत होता?' हे प्रश्न डॉक्टरांनी जखमीला विचारावेत, त्याला घेऊन आलेल्या सुपरवायझरला नाही. जखमी बेशुद्ध असेल तर शुद्धीवर आल्यावर विचारावेत. उत्तर 'हो' असेल, तर त्या नोंदीची प्रत त्याच दिवशी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि कामगार कार्यालयाला जावी. एक प्रत जखमीच्या हातात, मराठीत किंवा त्याच्या भाषेत, सही-शिक्क्यासह द्यावी. खासगी दवाखान्यांनाही हे बंधनकारक करावं, कारण केसपेपरवर खोटं कारण लिहिलं जातं ते बहुधा तिथेच. यासाठी आरोग्यमंत्र्यांचीही सही लागेल, ती तुम्ही मिळवा. आधी एका नागपूर जिल्ह्यात करून पाहा. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, उमरेड इथून वर्षभरात किती नोंदी येतात, त्या कारखान्यांनी स्वतःहून कळवलेल्या अपघातांशेजारी ठेवा आणि दोन्ही आकडे विधानसभेच्या पटलावर मांडा.

लहान शेडवाल्याला तीन लाख एकदम झेपत नाहीत, हे मी जाणतो. त्यासाठी कामगार भरपाईचा विमा मिळतो, आणि त्याचा हप्ता पॉवर प्रेसच्या किमतीपुढे नगण्य आहे. पण ज्याला अपघात लपवता येतो, तो विमा कशाला काढेल?

आणि हे नागपुरात अवघड जाऊ नये. इथल्या एम्प्रेस मिलमध्ये १८९५ पासून जखमी कामगाराला भरपाई मिळत होती, कायद्याच्या २८ वर्षं आधी. मिल बंद पडली, त्या जागेवर आता मॉल उभा आहे. त्या मिलमध्ये फिटर असलेला माझा एक शेजारी सांगायचा, अपघात झाला की आधी दवाखान्यातला कागद आणि मग टाइम ऑफिसचा. आमच्याकडे तो क्रम उलटा होता. तो सुलटा करून द्या, एवढंच मागतो.

सोबत त्या मुलाच्या केसपेपरची आणि स्टॅम्प पेपरची छायाप्रत नाव झाकून जोडली आहे. त्यानं तशी परवानगी दिली आहे.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून
जयताळा, नागपूर