हिरकणी कक्षात नळ हवा

मा. संपादक,

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की दवाखान्यांत आणि अंगणवाड्यांत स्तनपान सप्ताहाचे फलक लागतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे आता बहुतेक घरांत पाठ झालं आहे. रजेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, आणि कामाच्या ठिकाणी किंवा हिरकणी कक्षात, म्हणजे बसस्थानकावरच्या स्तनपानाच्या खोलीत, नळ आहे का हेही कोणी पाहत नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्यांनी तशी घेतली, त्या कामावर रुजू होतात तेव्हा बाळ १८ आठवड्यांचं, म्हणजे चार महिन्यांचं असतं. तिसऱ्या मुलाला तर रजाच १२ आठवडे. त्यातले ६ आधी गेले तर दीड महिन्याचं बाळ घरी ठेवून निघावं लागतं. मधले हे आठवडे आणि महिने बहुतेक घरांत पावडरचा डबा भरून काढतो, आणि वर म्हटलं जातं, ‘नोकरीवर गेली आणि दूध आटलं.’

दूध आपोआप आटत नाही. स्तनात साठून राहिलेलं दूधच नवं दूध तयार होणं मंद करतं. नऊ-दहा तास छाती रिकामी झाली नाही तर आधी दाटते, दगडासारखी होते, कधी गाठ येते, ताप चढतो. आणि काही दिवसांत शरीर उत्पादनच कमी करतं. म्हणून कामाच्या ठिकाणी दर तीन तासांनी एकदा दूध काढणं ही निव्वळ डबा भरण्याची सोय नाही. फेकून द्यावं लागलं तरी काढायला हवं.

पंप नसला तरी हे जमतं. हात साबणाने धुऊन, गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं छातीवर ठेवून, हलक्या हाताने चोळायचं. अंगठा स्तनाग्रापासून ३-४ सेंटिमीटर वर, पहिली दोन बोटं तेवढीच खाली. आधी सरळ मागे, फासळ्यांच्या दिशेने दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत आणि स्तनाग्र ओढायचं नाही. बहुतेकींची चूक इथेच होते, दुखतं आणि दूधही येत नाही. पहिली एक-दोन मिनिटं नुसते थेंब येतील. पान्हा फुटला की धार लागते. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. बोटांची जागा गोल फिरवत राहायची. सगळं मिळून २० ते ३० मिनिटं. घाईत, कोणी दार ठोठावत असताना पान्हा फुटत नाही. बाळाचा फोटो किंवा त्याचं वापरलेलं झबलं जवळ असलं तर फुटतो.

पंप वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. कपाची नळी स्तनाग्राच्या मापाची हवी. घट्ट असेल तर चिरा पडतात, फार मोठी असेल तर आजूबाजूचा काळा भागही आत ओढला जातो आणि सूज येते. आणि पंप ओढेनासा झाला की मोटर गेली असं समजून नवा आणण्याआधी ती छोटी रबरी झडप उजेडात धरून पाहावी. बहुतेकदा तीच चिरलेली असते आणि सुटी मिळते. ओढ वाढवून दूध वाढत नाही, फक्त दुखतं.

रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी, सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दिवसातून एकदा काढायला सुरुवात करावी. सुरुवातीला ३० मिली निघालं तर ते कमी नव्हे. बाळ नुकतंच पिऊन झालेलं असतं. किती लागेल याचा अंदाज सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं बाळ आई नसलेल्या प्रत्येक तासाला साधारण ३० ते ४५ मिली पितं. प्रवास धरून अकरा तास बाहेर असाल तर सव्वातीनशे ते पाचशे मिली पुरतं. फ्रीजर भरून ठेवायची गरज नाही.

साठवायला उकळून घेतलेली झाकणाची स्टीलची किंवा काचेची लहान भांडी चालतात. ६० मिलीचे वाटे करावेत, कारण बाळाच्या तोंडाला लागलेलं दूध दोन तासांनंतर टाकूनच द्यावं लागतं. प्रत्येक भांड्यावर तारीख आणि वेळ. बाहेर ठेवलेलं दूध चार तास टिकतं, पण तो आकडा २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तो विसरावा आणि दूध लगेच गार करावं. माठाच्या पाण्यात भांडं ठेवणं हा फ्रिजला पर्याय नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही आतल्या बाजूला, दारात नाही. उणे १८ अंशांच्या वेगळ्या फ्रीजरमध्ये सहा महिने. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोनच आठवडे. गोठलं की दूध फुगतं, म्हणून भांडं काठोकाठ भरू नये. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात थेट ओतू नये, गार करून मगच मिसळावं. वीज गेली तर भांड्यात बर्फाचे कण शिल्लक आहेत का ते पाहावं. असतील तर पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवावं.

खरी अडचण पुढे, गॅसच्या ओट्याशी. दूध आलं की ते तापवायचं, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे आणि म्हशीच्या दुधासाठी तो योग्यच आहे. त्याच सवयीने आजी सुनेचं दूधही पातेल्यात उकळते, आणि त्यातलं रोगांपासून राखणारं बरंच काही तिथेच संपतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून दुग्धपेढी आहे. अशा पेढ्यांत दुसऱ्या आईचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, उकळत नाहीत. स्वतःच्या निरोगी बाळासाठी तर तेही करायचं नसतं. भांडं कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवावं, मनगटावर थेंब टाकून पाहावा, झालं. मायक्रोवेव्ह नको, वरून कोमट लागतं आणि मध्येच चटका बसण्याइतकं गरम राहतं. वर साय आल्यासारखा थर दिसला तर दूध नासलेलं नाही, हळूच हलवलं की मिसळतं. साबणासारखा वास आला तरी बहुधा ते खराब नसतं. आंबट, फाटलेलं दूध मात्र टाकावं.

पाजायला वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) उत्तम. बाटलीचं बूच आणि तिचा गळा घासून स्वच्छ ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही. बाळाला उठतं बसवून, घोट घोट. आडवं झोपवून ओतायचं नाही.

कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी रुग्णालयाचे नियम वेगळे आणि कडक असतात. तिथल्या परिचारिका सांगतील तेच करावं. स्तनावर लाल चट्टा आणि थंडी-ताप आला तर डॉक्टरकडे जावं, पण दूध काढणं थांबवू नये.

हे सगळं घर शिकू शकतं. कार्यालयाचं काय? कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सांगितलं, दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्या १९६१ पासूनच आहेत. पण बाळ लोकलच्या दीड तासावर आजीकडे असेल तर त्या सुटीत आईने बसायचं कुठे? आज उत्तर बहुधा ‘स्वच्छतागृहात’ असं आहे. ज्या जागी आपण डबा उघडणार नाही, तिथे बाळाचं अन्न काढायला लावतो. आणि ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईला हे कायदे पोचतच नाहीत, हे वेगळंच.

मागणी मोठी नाही. आतून लागणारी कडी, पाठ टेकायला खुर्ची, एक प्लग, फ्रिजचा एक वरचा कप्पा आणि खोलीतच हात धुवायला बेसिन. बसस्थानकांवरच्या हिरकणी कक्षांनाही हीच यादी लागू पडते. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून हिरकणी कडा उतरली होती. तिच्या नावाच्या खोलीची किल्ली शोधायला कोणा बाईला चौकशी खिडकीवर जावं लागू नये. आणि उद्घाटनाची फीत कापायला जे जातात, त्यांनी आत जाऊन एकदा नळ सोडून पाहावा.

— स्तनपान समुपदेशकांचा एक गट, पुणे