काळोखातही मोजत बसणारा डिटेक्टर आणि तुमच्या सेवा केंद्राचा सल्ला

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय: सदोष फोटॉन काउंटिंग मॉड्यूल बदलून देण्याबाबत

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राला आज सकाळी केलेला फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडून प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकेक करून मोजणारी दोन डिटेक्टर मॉड्यूल घेतली. दोन्हींच्या चाचणी प्रमाणपत्रावर डार्क काउंट, म्हणजे प्रकाश नसतानाही होणारी खोटी मोजणी, सेकंदाला १०० च्या आत असल्याचं सही-शिक्क्यानिशी लिहिलं आहे. पहिलं तसंच चालतं. दुसऱ्याचं ऐका. तोंडाला टोपण, वरून काळं कापड, खोलीतले दिवे बंद, पॉवर सप्लायच्या इवल्याशा हिरव्या दिव्यावरसुद्धा चिकटपट्टी. सुरू केलं तेव्हा काउंटरवर १५०. दहा मिनिटांत ६००. अर्ध्या तासाने २,३००. आतलं कूलिंग गेलं असावं, चिप तापत असावी, हे मी पहिल्याच मेलमध्ये आलेखासकट कळवलं होतं. तिन्ही मेलना उत्तर एकच: "काउंट येत आहेत, म्हणजे डिटेक्टर चालू आहे."

प्रकाश नसताना काउंट येतात, हीच तक्रार आहे!

आमच्या उत्सर्जकाचा प्रकाश फिल्टरमधून गाळल्यावर प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला जेमतेम २,००० क्लिक उरतात. दोन्हींचे डार्क काउंट १०० असते, तर निर्दोष एकल-फोटॉन उत्सर्जकाचा (एका वेळी एकच फोटॉन सोडणाऱ्या स्रोताचा) शून्य विलंबाचा जी-टू, म्हणजे दोन फोटॉन एकाच क्षणी टिपले जाण्याचं योगायोगाच्या तुलनेतलं प्रमाण, ०.०९ च्या आसपास आलं असतं. एकाचे २,३०० झाले की तोच जी-टू ०.५६ वर जातो. ०.५ च्या खाली आल्याशिवाय उत्सर्जक एकच आहे असं आम्हाला म्हणता येत नाही. पुरावा प्रकाशात आहे आणि तुमचं मॉड्यूल तो पुसून टाकतं. "डार्क काउंट वजा करा" असंही सुचवलं गेलं. आकडा स्थिर असता तर केलेही असते. इथे तो खोलीच्या तापमानाबरोबर हलतो.

आता आजचा फोन. माझी विद्यार्थिनी शेजारी होती, फोन स्पीकरवर होता. तुमचे अभियंता म्हणाले, "मॅडम, चांगला आहे त्या एकाच डिटेक्टरवर मोजा ना."

मी म्हटलं, "एकावर जी-टू कसा मोजायचा?"

"त्याच्याच क्लिकमधला वेळ लावा. शून्याजवळ खड्डा येतोच की. अँटीबंचिंगच दिसेल."

मला काही क्षण बोलताच आलं नाही. अँटीबंचिंग म्हणजे फोटॉन जोडीने न येता एकेक करून येणं; हा खड्डा मात्र डेड टाइमचा आहे! एक फोटॉन टिपला की हा डिटेक्टर काही दहा नॅनोसेकंद आंधळा असतो. त्या वेळात दुसरा आला तरी त्याला दिसत नाही. साध्या टॉर्चच्या प्रकाशावरही तसाच खड्डा येईल. तो प्रकाशाचा गुण नव्हे, उपकरणाची मर्यादा आहे. म्हणून तर प्रकाश बीम स्प्लिटरवर दुभागून दोन डिटेक्टर लावायचे. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी १९५६ मध्ये ही मांडणी दाखवली. १९७७ मध्ये किंबल, डॅजनेस आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंच्या प्रकाशात अँटीबंचिंग पहिल्यांदा दाखवलं, तेही दोन डिटेक्टर लावूनच. हे मी सांगू लागले तर मधेच तोडून ते म्हणाले, "पण प्लॉट तर तसाच दिसतो ना, मॅडम?"

फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, "मॅडम, असं खरंच कोणी छापतं का?" ती पहिल्या वर्षाला आहे. डिटेक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून तिने हे ऐकलं, याचा मला मॉड्यूल बिघडल्याहून जास्त संताप आहे. तुमचे डिटेक्टर मी स्वतः शिकत असताना वापरले आहेत. तेव्हा प्रमाणपत्रावरचा आकडा आम्ही डोळे झाकून वहीत उतरवायचो.

मला दुरुस्ती नको, नवं मॉड्यूल हवं. सोबत टोपण लावून सलग तासभर घेतलेल्या डार्क काउंटची नोंद हवी. पुन्हा सांगते, तुमच्याच प्रमाणपत्रावर १०० लिहिलं आहे. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर पैसे परत मागेन आणि सगळा पत्रव्यवहार खरेदी समितीपुढे ठेवेन. पुढच्या वर्षी आम्हाला आणखी चार डिटेक्टर घ्यायचे आहेत. त्या यादीत तुमचं नाव राहू नये, असं लेखी देईन.

मॉड्यूल खोक्यात भरून ठेवलं आहे. न्यायला माणूस कधी पाठवता ते लेखी कळवा. फोन नको.

प्रयोगशाळा प्रमुख