जिंतूरच्या दादांना, बाईंकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

झेंडावंदन होऊन आठवडा झाला, तरी मन भरून येतंय, म्हणून लिहायला बसले.

गावानं सोयाबीनच्या पट्टीतून वर्गणी काढून शाळेला टीव्ही घेतला आणि दोन महिने तो भिंतीवर नुसता काळा. लॅपटॉप जोडला की 'नो सिग्नल'. ज्यांनी वायर विकली त्यांनी टीव्ही न बघताच सांगितलं, "बोर्ड गेला असेल. आणि बाई, तुम्हाला नाही जमायचं ते, एखाद्या माणसाला पाठवा." बोर्डापेक्षा मला ते दुसरं वाक्य लागलं. गावकऱ्यांच्या घामाचा पैसा माझ्यामुळं वाया गेला असं वाटून पारावरून जाताना मान खाली जायची.

तुम्ही 16 सप्टेंबरला दिवेलागणीला, भर पावसात आलात. वायर बघूनच म्हणालात, "टीव्ही चांगलाय बाई. तुमच्या जुन्या लॅपटॉपला व्हीजीए हाय, चित्र बाहेर काढायची जुनी खाच. त्यातून ॲनालॉग निघतं, टीव्हीच्या एचडीएमआयला डिजिटल लागतं. नुसत्या वायरीनं ते बदलत नसतं, मधी डबी लागती." व्हीजीएतून आवाज जातच नाही, त्यासाठी डबीला वेगळी पिन असते, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे ती वायर कधी चालणारच नव्हती!

तुम्ही डबी मधे जोडलीत, चित्र आलं, पोरांनी गलका केला. मला वाटलं, झालं काम. तुम्ही मात्र सगळ्या वायरी उपसून माझ्या हातात दिल्या. "आता तुमी लावा."

माझा हात थरथरत होता. व्हीजीएचे दोन बारीक स्क्रू आटे धरेनात. तुम्ही मोबाईलचा उजेड धरून उभे राहिलात, पण मधे हात घातला नाही. चौथीतल्या एकानं तेवढ्यात पिना मोजल्या, पाच-पाचच्या तीन ओळी, पंधरा. मला जमलं, तर पुन्हा काढून पुन्हा लावायला लावलंत. बाहेर पाऊस वाढत होता, तुम्हाला जिंतूर गाठायचं होतं, तरी घाई नाही. इतक्या मायेनं मला कुणी काही शिकवून किती वर्षं झाली, आठवत नाही.

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झाल्यावर टीव्ही मीच जोडला. 1948 साली निजामाचं राज्य कसं गेलं ते सांगताना स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो भिंतभर दिसत होता. सरपंच शेवटच्या रांगेत पोरांत मांडी घालून बसले होते.

परवा मी मीटिंगला तालुक्याला गेले होते. परत आले तर टीव्ही चालू. चौथीच्या दोघींनी जोडला होता, स्क्रूसकट.

तुमच्या,
शाळेच्या बाई