ताई, त्या पाठकोऱ्या कागदांसाठी थँक यू

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हालाच आहे, पण सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते अकाउंट्सच्या लाइनमधल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आपल्या सीए ऑफिसमध्ये महिना कसा जातो ते बाहेरच्यांना कळत नाही. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचा रिटर्न, त्यात जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असेल तर १५ लाच अ‍ॅडव्हान्स टॅक्स पण. ३बी लेट झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, निल म्हणजे टॅक्स शून्य असला तरी २०, वर भरायच्या टॅक्सवर १८ टक्क्यांनी व्याज. मी जॉइन झाले तेव्हा माझ्या फोनमध्ये टू-डू लिस्टचं अ‍ॅप होतं, त्यात ‘जीएसटी’, ‘ऑडिट’, ‘बँक’ असं काय काय लिहिलेलं, आणि ती लिस्ट रोज वाढतच जायची, उघडली की छातीत धडधड व्हायची.

तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि एवढंच विचारलंत, “जीएसटी म्हणजे आत्ता नेमकं काय करणारेस?” मग ट्रेमधला एक पाठकोरा कागद घेतलात, स्टीलच्या पट्टीने त्याचे चार तुकडे केलेत आणि एका तुकड्यावर लिहिलंत, ‘हार्डवेअरवाल्यांना फोन, राहिलेली परचेस बिलं मागवणे, १० मिनिटं’. खाली ‘२बी डाउनलोड करून टॅलीशी जुळवणे, दीड तास’. आता हे २बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, येतंच १४ तारखेला, म्हणजे ते काम १२ ला लिस्टमध्ये लिहून नुसतं टेन्शनच घ्यायचं, हे पण तेव्हाच समजलं. कागदाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारलीत आणि तिथे लिहायचं कोणाकडे अडकलंय आणि कधी मागितलं. ती रेघ मी अजून मारते ताई! २० तारखेला संध्याकाळी पोर्टल स्लो असतं आणि ज्या क्लायंटच्या मोबाइलवर ओटीपी जाणार तो नेमका गाडी चालवत असतो, म्हणून ‘ओटीपीसाठी दुपारी १२ ला फोन करणार आहे असं सांगून ठेवणे’ हे आदल्या दिवशीचं वेगळं काम म्हणून लिहायचं, हे कुठल्या अ‍ॅपने मला सांगितलं असतं?

प्रत्येक कामापुढे वेळ लिही आणि तुला वाटतो त्याच्या दीडपट लिही, असं तुम्ही म्हणायचात. नंतर मी वाचलं की कॅनडात ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ च्या एका पेपरमध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं, अंदाज आला सरासरी ३३.९ दिवस आणि लागले ५५.५. म्हणजे दीडपटीच्याही वरच. तुम्ही हे कुठे वाचलं नव्हतं, तुम्ही इतकी वर्षं मार्च एंड बघत होतात.

आणि निघायच्या आधी उद्याचा कागद लिहून क्लिपला लावून जायचं, त्याने तर माझी झोप परत आली. मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांचा २०११ चा अभ्यास आहे, राहिलेल्या कामाचा नेमका प्लॅन ठरला की ते काम झालेलं नसलं तरी मध्ये मध्ये डोक्यात येणं कमी होतं. मला ते घरी भाकरी करताना जाणवायचं, हात चालू आणि डोक्यात कोणाचंच बँक स्टेटमेंट नाही.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीचे. दीडपट वेळ लिहून बेरीज केली तर माझा दिवस रोज तेरा-चौदा तासांचा व्हायला लागला. मला वाटत होतं मीच स्लो आहे. तुम्ही काही म्हणाला नाहीत, आठवड्याचे कागद क्लिपमधून काढलेत आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेलात, हे एका माणसाचं काम नाहीये, बेरीज बघा म्हणालात. माझ्याकडचे दोन क्लायंट ऑफिसमधल्या दुसऱ्यांकडे गेले, पुढच्या सीझनला एक आर्टिकल, म्हणजे सीए शिकणारा ट्रेनी, मदतीला मिळाला. पहाटे उठ, फोन बाजूला ठेव, असं सांगणारे खूप भेटतात ताई, लिस्ट घेऊन काम कमी करून आणणाऱ्या तुम्ही एकट्याच. घरी असलेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका अजून स्वतःलाच आळशी समजत असतील, त्यांनी एकदा वेळ लिहून बेरीज करावी असं फार वाटतं.

आता त्या आर्टिकललाही मी पाठकोरे कागद दिलेत, त्याच्या लिस्टमध्ये ‘क्लासला साडेपाचला निघणे’ हे सगळ्यात वर असतं आणि त्या वेळेला तो निघतो, ते मी बघते.

या महिन्याच्या २१ ला संध्याकाळी येते तुमच्याकडे, आधी फोन करते. चहा मी करणार.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलवरची